शीर, नस आणि पाण्याची लाईन

कुकटपल्लीत आमच्या बिल्डिंगच्या फाटकापासून पार्कच्या दारापर्यंत विजेचे अकरा खांब आहेत. सातव्या खांबापासून रस्ता थोडा चढाचा आहे. हे मला इतकं नेमकं माहीत आहे, कारण कित्येक महिने मी ते एका वहीत लिहिते आहे. तारीख, आबा कितव्या खांबापर्यंत चालले, कोणता पाय दुखला, किती मिनिटं थांबावं लागलं, पुढे गेले की परत फिरले.

वह्या ठेवण्याची माझी सवय जुनी. जामबागच्या एका कॉलेजात मी ऑफिस सांभाळते आणि तिथे जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरून चालावं लागतं. घरातही माझ्या याद्या असतात. किराण्याची, औषधांची, गॅस कधी संपेल त्याची. नवरा म्हणतो, तुझ्या यादीत मी कितव्या नंबरवर आहे ते एकदा दाखव. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. वय शहात्तर. मराठवाड्यातून तरुणपणी इथे आले आणि पाणीपुरवठा खात्यात लाईनमन म्हणून लागले. हातात लांब लोखंडी चावी घेऊन शहरभर व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी, हे ज्यांच्या हातात होतं त्यांच्यापैकी एक.

दिवाळीनंतर त्यांची डावी पोटरी दुखायला लागली. बसल्यावर काही नाही, झोपल्यावर काही नाही. चालायला लागलं की चौथ्या-पाचव्या खांबाशी पाय धरायचा. थांबलं की दोन मिनिटांत मोकळा. पुन्हा चाललं की पुढच्या चार खांबांत पुन्हा तेच.

मी त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आमच्या नंबरला बराच वेळ होता, पण आत गेल्यावर डॉक्टरांकडे वेळ नव्हता, हे दारातूनच दिसलं. आबांनी खुर्चीत नीट बसून घेतलं आणि सुरुवात केली, "डॉक्टरसाब, मैं बोलता आपको. मैं जब नवा-नवा लाईन पे लगा..."

"आबा, थांबा," मी म्हणाले. त्यांची कोणतीही तक्रार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. "डॉक्टर, चलने पे बाईं पिंडली में दर्द होता है."

"पोटरी की शीर धरती, साब," आबा म्हणाले.

"नस," मी दुरुस्ती केली. "नस दबती है इनकी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं, कमर दुखते का? चाळीस वर्षं जमिनीतली चावी फिरवलेल्या माणसाची कमर दुखणारच. आबा "हौ" म्हणाले. मग मशिनीत घालून फोटो काढले. मणक्यामधली एक चकती थोडी बाहेर आलेली दिसली. नस दबली आहे, हे कागदावर आलं. मी तो फाइलला लावला, पेनाला टोपण लावलं. एक काम झालं.

परत येताना गाडीत आबा म्हणाले, "मी शीर म्हणलो होतो."

"तेच ते, आबा."

"तेच कसं? शीर निराळी, नस निराळी."

"मग काय फरक आहे सांगा."

त्यांना सांगता येईना. मलाही सांगता आलं नसतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय मेडिकलच्या दुकानात गोळ्या देताना तेलुगू दुकानदार "नरम, नरम" असं म्हणाला. तेलुगूत नस काय, शीर काय, सगळ्याला नरमच म्हणतात. आबांकडे बघून मी म्हणाले, "बघा. तेच ते."

तीन महिने गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला, पाठीचे व्यायाम झाले. खांब काही वाढेनात. उलट तीनवर आले. आबांना चालायची फार हौस. सकाळी पार्कात त्यांच्या वयाच्या चारपाच जणांचा अड्डा असतो आणि आता ते तिथपर्यंत पोचतच नव्हते. मात्र थांबावं लागतं हे लोकांना कळू नये यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. पाय धरला की ते जवळच्या कुठल्यातरी 'टू-लेट'च्या पाटीसमोर उभे राहायचे आणि ती मन लावून वाचायचे. आमच्या रस्त्यावर अशा पाट्यांना तोटा नाही. शेवटी चौथ्या खांबाजवळच्या बिल्डिंगच्या वॉचमनने त्यांना विचारलंच, "इल्लु कावाला, सार?" घर पाहिजे का म्हणून. घरी येऊन आबांनी हे हसत सांगितलं आणि मग पोटरी चोळत बसले.

पाठीचं ऑपरेशन करू या, असं ठरलं. तारीख मिळाली. आबांच्या पार्कातल्या एका मित्राचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि तो अजून उठून बसण्याच्या पलीकडे गेला नव्हता. आबांनी मला एकदाच विचारलं, "बाई, करायलाच पाहिजे का?" मी म्हणाले, "नस मोकळी केल्याशिवाय पाय कसा चालेल?" आणि माझ्या कामाला लागले. ऑपरेशनची यादी केली. तेवीस बाबी झाल्या. रजेचा अर्ज, रक्तगट, चादरी, कमोडची खुर्ची, रात्रीची माणसं, सैल पायजमे. बारावी बाब होती, फिटनेस.

फिटनेस म्हणजे भूल देण्याआधी छातीच्या डॉक्टरांनी तपासून सही करायची. ही बाब मी अर्ध्या तासाची धरली होती. डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण दख्खनी हिंदी अगदी आमच्यासारखी. त्यांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी बघितली, मग विचारलं, "कितना चलते?"

मी वही पुढे केली. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी पानं उलटली, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग एका रकान्यावर बोट ठेवलं. "ये क्या लिखे?"

"उभ्याने, दोन मिनिटं," मी वाचलं. "मतलब खड़े-खड़े. दो मिनट में ठीक हो जाता."

"बैठना नै पड़ता? झुकना नै पड़ता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्या आबांकडे बघत म्हणाल्या, "आप बोलो, अंकल."

"रस्ते में किधर बैठना, मॅडम," आबा म्हणाले. "टू-लेट पढ़ता मैं."

सगळ्या पानांवर तेच होतं. उभ्याने, दोन मिनिटं. उभ्याने, तीन मिनिटं. चढावर लवकर. मीच लिहिलेलं, एकाही ओळीत खाडाखोड नाही. मी लिहीत गेले, वाचलं मात्र एकदाही नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं की पाठीतली नस दबली असेल तर नुसतं उभं राहून सहसा बरं वाटत नाही, माणूस बसतो किंवा वाकतो. मग त्या म्हणाल्या, मोजे काढा.

आबांच्या एकाच पायात मोजा होता, डाव्या. मे महिना तोंडावर आलेला, बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि हे पाऊल गार पडतं म्हणून एका पायात लोकरीचा मोजा घालून. घरात मी त्यावरून त्यांना चिडवत असे. डॉक्टरबाईंनी आधी उजव्या पावलावर दोन बोटं ठेवली, मग डाव्या. डाव्यावर बराच वेळ ठेवली. जागा बदलली. घोट्याच्या आत दाबून बघितलं. यादीत नसलेली एखादी गोष्ट घडायला लागली की मला अंदाज येतो.

"इधर नाडी नै मिल रही," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "ऑपरेशन अभी रोको."

मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं नाही. मला वाटलं, पाठ वाचली आणि पाय गेला.

खालच्या मजल्यावर लगेच तपासणी झाली. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले, पावलावर थंडगार जेली लावली आणि पेनासारखी एक कांडी टेकवली. कांडीची वायर एका छोट्या डब्याला. आतलं रक्त किती वेगाने चाललंय ते त्या डब्यातून ऐकू येतं. उजव्या पावलावर कांडी ठेवताच आवाज आला, सप्, सप्, ओला टॉवेल झटकावा तसा. डाव्यावर काही नाही. मग कांडी किंचित तिरकी केल्यावर लांबून आल्यासारखं हू... हू...

आबांनी डोळे मिटले होते. मान एका बाजूला झुकली होती. ही मुद्रा माझ्या ओळखीची होती. आम्ही लहान असताना नामपल्लीच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. रस्त्यात कुठे पाणी मुरतंय अशी तक्रार आली की आबा पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी, एक लोखंडी दांडी घेऊन निघायचे. दांडीचं एक टोक जमिनीतल्या पाइपवर, दुसरं कानाला. कधी मी हट्टाने बरोबर गेले तर मलाही कान लावू द्यायचे. "ऐक. सूं करतंय ना? गळती असते तिथं पाणी ओरडतं." मला कधी काही ऐकू यायचं नाही, पण मी हो म्हणायचे.

"बाई," आबा डोळे न उघडता म्हणाले, "लाईन बंद नाही. दाब नाही."

तपासणाऱ्या मुलीने आकडे सांगितले. दंडात एकशे चाळीस. उजव्या घोट्यात जवळजवळ तेवढाच. डाव्या घोट्यात चौऱ्याऐंशी. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, असं ती म्हणाली आणि कॅल्क्युलेटर शोधायला लागली.

"शून्य दशांश सहा," आबांनी तोंडी सांगितलं. "टेल-एंडला, शेवटच्या घरी, प्रेशर पोचेना."

पुन्हा वर डॉक्टरबाईंकडे. त्यांनी आबांच्या जांघेवर स्टेथोस्कोप ठेवला, ऐकलं, आणि त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्याची टोकं काढून आबांच्या कानात घातली. आबांनी श्वास रोखला. मग त्यांचा चेहरा असा उजळला की कुणाला वाटावं, याला बक्षीस लागलं. "ओरडतंय," ते मला म्हणाले. "सूं करतंय."

डॉक्टरबाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या आणि मधे दोन्ही बाजूंनी फुगवटे काढले. मांडीतली मोठी रक्तवाहिनी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली आहे. अरुंद जागेतून जाताना रक्त वेग घेतं, पलीकडे रुंद जागा आली की घुसळतं, त्याचाच तो आवाज. आणि नळीची रुंदी निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाने निम्मं रक्त जात नाही. खूप कमी जातं, सगळीच नळी तशी असेल तर सोळावा हिस्सा. हे ऐकून मी चमकले. मी मनात निम्म्याचा हिशेब धरला होता.

आबा चमकले नाहीत. "मॅडम, हमारे घर में है ये," ते म्हणाले. "दरवाजे के पीछे."

ते खरं होतं. आमच्या हॉलच्या दाराला अडकण म्हणून जुन्या लोखंडी पाइपचा एक हातभर तुकडा असतो. कधीतरी लाईन बदलताना कापलेला, आबांनी उचलून आणलेला. बाहेरून बघितलं तर चांगला जाडजूड, आत गंजाचे थर चढून भोक उरलंय दोन बोटांचं. घर बदललं तेव्हा मी तो टाकायच्या यादीत लिहिला होता. आबांनी यादीतून खोडला.

"पण मग बसल्यावर का दुखत नाही?" मी विचारलं. मला अजून पटत नव्हतं.

डॉक्टरबाई सांगणार तेवढ्यात आबाच म्हणाले, "गल्लीत एकच नळ उघडा असला तर बारीक लाईनही पुरते. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की शेवटच्या घरी नुसती हवा येते. बसल्यावर माझ्या पोटरीला पाणी लागतंय किती? चालायला लागलो की सगळे नळ सुरू."

मी त्याचं हिंदी केलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंकल, मेरी जगह आप बैठ जाओ."

मग आबांनी आपला जुना प्रश्न काढला. शीर आणि नस यांत फरक काय? डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं. नस म्हणजे ज्यातून दुखणं-खुपणं डोक्याला कळतं, तारेसारखी. शीर म्हणजे शरीरातलं रक्त परत हृदयाकडे नेणारी. आणि ही बिघडली आहे ती धमनी, हृदयाकडून पायाकडे जाणारी. आबांनीही ते बोटांवर मोजलं. मग माझ्याकडे वळले.

"म्हणजे मी तक्रार दिली ड्रेनेजची. तू ती नेऊन टाकलीस वीज खात्यात. आणि बिघाड निघाला पाण्याच्या लाईनीत."

मी हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. शीरही चूक होती, पण निदान ती रक्ताची चूक होती. त्यांना मधेच थांबवून मी ती दुरुस्त केली नसती तर कदाचित तीन महिने आधीच कुणीतरी पावलावर दोन बोटं ठेवली असती.

"पाय जाईल का?" मी विचारलं.

नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. वेळेत आलात. आधी रक्त पातळ ठेवायची गोळी, चरबीची गोळी, पायाला जखम होऊ द्यायची नाही, आणि चालायचं.

"चालायचं?"

दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, बरं वाटलं की परत चालायचं. रोज. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या हळूहळू मोठ्या होऊ शकतात, आणि स्नायूही मिळेल त्या रक्तात भागवायला शिकतो. नाहीच जमलं तर नळी आतून रुंद करता येते, ते नंतर बघू. आबा म्हणाले, "हौ, मेन बंद असली तर पाणी गल्लीबोळातून वाट काढतंच."

"सिगरेट, बिडी?"

"नाही, नाही," मी म्हणाले. "पंधरा वर्षं झाली सोडून."

आबा कागदावरच्या फुगवट्यांकडे बघत होते. "दोन," ते म्हणाले. "जेवणानंतर."

"आबा!"

"तू मला कुठं विचारलंस? डॉक्टरला परस्पर सांगतीस."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच दारामागचा पाइप उचलला, आडवा केला आणि त्या दोन बोटांच्या भोकातून विड्यांचं बंडल काढून माझ्या हातावर ठेवलं. वर्षानुवर्षं मी तो पाइप सरकवून झाडू मारत होते.

त्या संध्याकाळी मी ऑपरेशनची यादी घेऊन बसले. एरवी काम झालं की मी त्यावर रेघ मारते. त्या दिवशी एकही काम न करता रेघा मारल्या. कमोडची खुर्ची, रात्रीची माणसं, सैल पायजमे. तेवीसच्या तेवीस. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं, मी रडतेय. चहा करून आणला. मी म्हणाले, रडत नाहीये, खोडतेय.

आता वहीत कारणाच्या रकान्यात 'नस' खोडून 'धमनी' लिहिलं आहे. आबांनी बघून खाली बारीक अक्षरात 'पाणी लाईन' असं जोडलं. खांबांचा रकाना चालूच आहे. पहिले पंधरा दिवस काहीच बदललं नाही आणि मी घाबरले. मग चार झाले. पाच झाले. सहा बरेच दिवस राहिले, कारण सातपासून चढ आहे.

पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरबाईंनी परत बोलावलं. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. आबांनी खुर्चीत नीट बसून घेतलं. "मैं बोलता आपको, मॅडम. मैं जब नवा-नवा लाईन पे लगा..." त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. मी एक शब्द बोलले नाही. ते कठीण होतं. बाहेरच्या बाकावरच्या लोकांची मला लाज वाटत होती. पण सांगता सांगता ते पोटरीला आता कुठे ओढ बसते तिथपर्यंत आले, डाव्या पायाला आता मोजा लागत नाही तिथपर्यंत आले, आणि डॉक्टरबाईंनी ते सगळं लिहून घेतलं. घोट्याचा आकडा फारसा हलला नव्हता. त्या म्हणाल्या, आकडा राहू द्या, खांब बघा.

काल सकाळी आम्ही दोघं निघालो. आबा दुसऱ्या बाजूच्या एका चेंबरकडे बोट दाखवून बडबडत होते, व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धाच उघडलाय, झाकणाखालून आवाज येतोय, या नव्या पोरांना कान नाहीत. त्या नादात चौथा खांब मागे पडला. 'टू-लेट'ची पाटी अजून तिथेच होती. खालच्या स्टुलावरून वॉचमनने आबांना न थांबता जाताना पाहिलं आणि हाक मारली, "इल्लु दोरिकिंदा, सार?" घर मिळालं का?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"दोरिकिंदि," आबा म्हणाले, मिळालं, आणि मागे न बघता चढाकडे निघाले.